साहेबांनी उंट मागितला

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आठ-पंधरा दिवसांत आमच्या डहाणूच्या रस्त्यांवर गवत सांडायला लागतं. डोंगराकडचं कापलेलं सुकं गवत ट्रकमधून वखारींकडे जातं, आणि ट्रक वळणावर दिसायच्या आधीच त्याचा वास येतो. कोरडा, गोडसर, घशाला खाजवणारा. पूर्वीइतके ट्रक आता नाहीत. तरी एखादा जातोच, आणि मागे विजेच्या तारांवर, बोरीच्या काट्यांवर, आमच्या फाटकाच्या कडीवर गवताच्या काड्या लटकत राहतात. शेजारच्या मावशी म्हणतात, किती छान वास येतो नाही! मी होय म्हणते आणि खिडकी लावून घेते. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी आहे. असेल बापडी. पण डॉक्टरांना मी तलासरी सांगितलेली नाही.

ऐंशीच्या दशकाची शेपटी होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, तलासरीला एका सरकारी कचेरीत कारकून होते. खात्याचं नाव सांगत नाही; खातं अजून आहे आणि तिथली माणसं भली आहेत. आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, आणि खिडकीला मच्छरांसाठी मारलेली बारीक जाळी. त्या जाळीतून हायवे दिसायचा. मुंबईहून गुजरातेत आणि गुजरातेतून मुंबईला सगळं जग जा-ये करायचं आणि आमच्या दारात कुणी थांबायचं नाही, टायर पंक्चर झाला तरच. ऑक्टोबरात पत्रे असे तापायचे की आई दुपारी ओली चादर टांगून ठेवायची. ती अर्ध्या तासात कडकडीत वाळायची. मग ती पुन्हा भिजवायची.

गाव वाईट नव्हतं हो. कोपऱ्यावरचे गुजराती दुकानदार काका मला ‘बेन’ म्हणून हाक मारायचे आणि गूळ बांधता बांधता विचारायचे, ‘केम, कालिज केवा चालते?’ बाजाराच्या दिवशी पाड्यापाड्यातून बायका भाजी घेऊन यायच्या, हसायच्या. पण मी सतरा वर्षांची होते आणि मला बी.एस्सी. करायचं होतं. सतरा वर्षांच्या मुलीला गाव चांगलं आहे की वाईट याच्याशी काय देणंघेणं? तिला एवढंच कळत होतं की दहावीनंतर जे काही आहे ते सगळं डहाणूला आहे, आणि डहाणू एसटीच्या लहरीवर आहे.

बारावीला मी त्या एसटीनं जात-येत होते. एका संध्याकाळी चढावर गाडीनं जीव सोडला. तास गेला, दुसरी गाडी येईना, अंधारून आलं. शेवटी गवत खाली करून परत चाललेल्या एका ट्रकवाल्यानं आम्हा चार जणांना घेतलं. ‘बैठो बेटी, इधर बैठो,’ असं म्हणून त्या म्हाताऱ्यानं मला केबिनमध्ये खिडकीशी बसवलं आणि वाटेत आपल्या नातीबद्दल बोलत राहिला. देवमाणूस होता. पण साडेसात वाजता मी आमच्या दारात ट्रकमधून उडी मारली, केसांत, ओढणीत, कानामागे गवत, आणि आईनं ते बघितलं.

‘बस्स!’ आई म्हणाली. ‘मार्चची परीक्षा होईपर्यंत. पुढं नाही.’

‘अगं पण आई, त्यांनी काही...’

‘मला काही ऐकायचं नाही. यांची डहाणूला बदली झाली तर शीक हवं तितकं, मी अडवणार नाही. नाही झाली तर घरात बस. मला रोज संध्याकाळी फाटकात उभं राहून जीव टांगणीला लावायचा नाही.’

आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. अण्णा कोपऱ्यात बसून पायातले बूट काढत होते, ते काढतच राहिले. त्या रात्रीपासून माझं सगळं आयुष्य एका शब्दावर येऊन थांबलं, बदली. आणि बदली होती साहेबांच्या हातात.

साहेब डहाणूला बसत. तलासरीतल्या पाच वर्षांत अण्णांनी बदलीचे पाच अर्ज केले होते, दरवर्षी एक, सुवाच्य अक्षरात. साहेब प्रत्येक वेळी म्हणत, ‘बघू.’ माणूस दुष्ट नव्हता. फक्त आपल्या हातात काय आहे हे समोरच्याला विसरू द्यायचं नाही, एवढीच त्यांची हौस. अण्णा त्यांच्यासमोर उभे राहिले की खांदे आपोआप पुढे यायचे. घरी पत्र्याखाली बनियनवर बसलेले माझे अण्णा आणि ते अण्णा एकच का, असा मला प्रश्न पडायचा. अडला हरी, दुसरं काय.

घरच्या अण्णांना एकच षोक, बुद्धिबळ. आमचं मूळ सांगलीकडचं, तिकडे हे वेड अंगणाअंगणात. मला त्यांनी सातव्या वर्षी पट शिकवला. साहेबांनाही बुद्धिबळ येत असे, पण ते आजोबांकडून शिकलेले जुन्या, देशी पद्धतीचं. त्यात प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचलं तेच मोहरं मिळतं. हत्तीच्या रांगेत हत्ती, उंटाच्या रांगेत उंट. नव्या नियमात तसं नाही. कुठेही पोचा, हवं ते मागा, म्हणजे सगळे वजीरच मागतात. आमच्या भागातल्या कचेऱ्यांमध्ये तेव्हा दोन्ही तऱ्हेचे खेळणारे होते आणि दर दोन डावांनी भांडणं व्हायची. म्हणून त्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेआधी अण्णांनी नवे नियम मराठीत लिहिले, स्टेन्सिल कापलं, आणि कागद साहेबांच्या सहीला पाठवला. साहेबांनी सही केली. वाचला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

स्पर्धा डहाणूला एका शाळेच्या हॉलमध्ये. शेजारीच गवताची वखार, त्यामुळे हॉलच्या खिडक्यांतून तो वास आत दाटलेला, आणि खेळणारे मधूनमधून शिंकत होते. पहिल्या दोन दिवसांत अण्णा एकेकाला हरवत गेले. साहेबही जिंकत गेले. त्यांच्यापुढे बसलेले सगळे त्यांच्याच हाताखालचे, तेव्हा कसे जिंकले ते सांगायला नको. शनिवारी अंतिम डाव, साहेब विरुद्ध अण्णा.

शनिवारी सकाळी आईनं अण्णांच्या डब्यात पोळ्या भरल्या आणि सरळ सांगितलं, ‘अहो, आज जिंकू नका हं.’

‘कळतं मला,’ अण्णा म्हणाले.

आईला बुद्धिबळातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण पाण्यात राहून माशाशी वैर करू नये हे कळत होतं. मी अण्णांबरोबरच निघाले. मला कॉलेजात प्रॅक्टिकल होतं, ते आटपून हॉलवर जायचं आणि दोघांनी मिळून परतायचं असं ठरलं. एसटीत मी खिडकीशी, अण्णा शेजारी. शेतं कापलेली, डोंगर पिवळे. मला राहवलं नाही.

‘अण्णा, हराल ना?’

हे मी विचारलं. आईनं नाही, मी. स्वतःच्या बापाला. आजही हा प्रश्न आठवला की मला माझीच लाज वाटते, आणि त्याच वेळी असंही वाटतं की मग काय विचारणार होते? दगडाखाली हात माझा सापडला होता.

‘हो गं,’ अण्णा म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘तू प्रॅक्टिकल नीट कर.’

मी पोचले तेव्हा डाव निम्म्यावर आला होता. पांढरी साहेबांची. टॉसबिस काही नाही. साहेबांची पांढरी हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, अगदी वाणगावहून आलेल्या पंचांनीसुद्धा. ते गणिताचे मास्तर, नियमाला पक्के, पण त्यांनाही त्या खात्यात एक काम होतं म्हणे. अण्णा काळी घेऊन खाली मान घालून बसले होते. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं. मला समोरच्या भिंतीशी बाकावर जागा मिळाली, तिथून पट दिसत होता.

दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की अण्णा हरताहेत, आणि किती सुंदर हरताहेत! मला त्यांचा खेळ पाठ होता. कुठलीही खेळी मूर्खपणाची नव्हती. कुठे अर्धं पाऊल उशीर, कुठे एक घर कमी. साहेबांचं एक प्यादं उंटाच्या रांगेतून पुढे पुढे येत होतं आणि अण्णा त्याला अडवायला जाऊन प्रत्येक वेळी एका खेळीनं मागे पडत होते. दुसरीकडे त्यांचे दोन हत्ती आणि घोडा साहेबांच्या राजाजवळ जमले होते, मात देण्याच्या अगदी जवळ, पण पोचणार नाहीत अशा बेतानं. बघणाऱ्याला वाटावं, अटीतटीचा डाव झाला आणि साहेब एका खेळीनं सरस ठरले. अण्णांनी माझी बी.एस्सी. त्या पटावर विणत आणली होती. मी बाकाची कड घट्ट धरून मनात म्हणत होते, आता फक्त एक खेळी, देवा, एकच.

साहेबांचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. इथे वजीर मागायचा; वजीर आडवा बघतो, अण्णांच्या राजाला तिथल्या तिथे शह, पुढच्या खेळीला मात, आणि आम्ही डहाणूकर. साहेबांनी प्यादं उचललं. मारलेल्या मोहऱ्यांच्या ढिगातून बोटं फिरवली. आणि पांढरा उंट उचलून दिमाखात त्या घरात ठेवला.

‘उंट!’ साहेब म्हणाले.

ज्यांना नवे नियम माहीत होते त्यांनी एकमेकांकडे बघितलं. ज्यांना माहीत नव्हते ते कौतुकानं माना डोलावत होते. पंचांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नियमाप्रमाणे त्यांना बोलता येत नव्हतं, आणि उंट मागणं नव्या नियमात चूकही नाही, कुणी मागत नाही एवढंच. उंट तिरका बघतो. अण्णांच्या राजाला शह बसला नव्हता. अण्णांनी सांगितलं असतं, ‘साहेब, वजीर घेता येतो,’ तर सगळं जागच्या जागी आलं असतं. मी वाट बघत होते की सांगतील. ते सांगणारच होते, असं मला वाटतं. त्यांचा हात टेबलावरून उचललासुद्धा गेला होता.

पण साहेब मागे रेलून बसले आणि हॉलकडे बघून हसले. ‘बघा, शिका,’ ते म्हणाले. ‘यांचा काही इलाज नाही हो. तलासरीत राहून माणसाचं डोकं गंजतं.’

लोक हसले. हसायचंच असतं. अण्णांच्याच कचेरीतले शिपाई जानूमामा तेवढे हसले नाहीत, त्यांनी मान खाली घातली. पाच अर्ज. पाच वेळा ‘बघू’. ज्यानं ठेवलं त्यानंच म्हणावं की तिथे राहून डोकं गंजतं! माझे कान तापले. मला त्या क्षणी बी.एस्सी. दिसेना, डहाणू दिसेना, फक्त ते रेललेले साहेब दिसत होते.

आणि अण्णांनी मान वर केली. थेट माझ्याकडे बघितलं. फार नाही, दोन श्वास. एसटीत मी विचारलं होतं ना, हराल ना? आता ते विचारत होते. मी मान हलवली. इतकीशीच, पण हलवली. खेळा, अण्णा.

अण्णांनी घोडा उचलला. ‘शह.’

साहेब अजून हसतच होते. राजा सरकवला. हत्ती आला, ‘शह.’ मग हसू थांबलं. चौथ्या खेळीला मात झाली, आणि अण्णांच्या आवाजात शह म्हणतानाही काही नव्हतं, रेशनच्या रांगेत नंबर सांगावा तसा आवाज. साहेबांनी पटाकडे बघितलं, आपल्या उंटाकडे बघितलं. कुणीतरी हळूच त्यांच्या कानात सांगितलं की वजीर मिळत होता.

‘हे नियम कुणी काढले?’ साहेबांनी विचारलं.

पंचांनी भिंतीवर लावलेला नियमांचा कागद काढून पुढे धरला. ‘खाली आपलीच सही आहे, साहेब.’

साहेबांनी अण्णांशी हात मिळवला, ‘छान खेळलात’ म्हणाले. स्टीलचा जग बक्षीस मिळाला. मे महिन्यात बदल्यांची यादी आली, त्यात अण्णांचं नाव नव्हतं. त्या डावामुळे नव्हतं की असंही नसतंच, देव जाणे. जूनमध्ये साहेबांची स्वतःची बदली झाली. नवे साहेब आले, ते बुद्धिबळ खेळत नव्हते, आणि ‘बघू’ म्हणायचे.

आईनं शब्द पाळला. मी घरात बसले. दोन वर्षं. नुसतं असं लिहिलं की किती सोपं वाटतं! सकाळचा केर काढायचा, चादर भिजवायची, टांगायची. अकरा वाजता हायवेवरून जाणारी डहाणू एसटी जाळीतून बघायची. माझ्या वर्गातली वासंती त्या गाडीतून एकदा हात करून गेली होती, तेव्हापासून अकरा वाजता मी मागच्या खोलीत जायला लागले. काका विचारायचे, ‘बेन, कालिज?’ मी म्हणायची, सुट्टी आहे. किती महिने सुट्टी असते हो कॉलेजला? पण काकांनी ते कधी विचारलं नाही. गवताचा हंगाम आला की दिवसभर ट्रक, जाळीच्या भोकाभोकात काड्या अडकायच्या, आणि मी आगपेटीच्या काडीनं एकेक काढत बसायची. दुसरं काम काय होतं?

अण्णा संध्याकाळी पट मांडायचे आणि माझी वाट बघायचे. मी पोळ्या लाटायच्या बाकी आहेत म्हणायची. लाटून झाल्या की डोकं दुखतं म्हणायची. थोड्या दिवसांनी ते पट मांडेनासे झाले. त्यांचा मला भयंकर राग यायचा. चार खेळ्यांच्या मजेसाठी मुलीचं आयुष्य घालवलं या माणसानं! तुमची इज्जत झाली, टाळ्या झाल्या, आणि इथे मी जाळीतल्या काड्या काढत्येय. हे मी त्यांना तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

पण राग एका जागी येऊन अडायचा. अण्णांनी विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं आणि मी मान हलवली होती. मग दोष एकट्या त्यांचा कसा? अख्खी कचेरी, आई, साहेब, कुणी मला काही विचारलं नव्हतं. त्या माणसानं, आयुष्यात एकदाच जिंकायची वेळ आली तेव्हा, थांबून मुलीला विचारलं. याच एका गोष्टीवर मी त्यांना माफ केलं. लगेच नाही, पण केलं. पुढे बालवाडीत शिकवलं, बाहेरून बी.ए. केलं, बी.एड. केलं, डहाणूच्या शाळेत लागले. अण्णांची बदलीही झाली एकदाची, मी चोवीस वर्षांची असताना, कुणालाच तिची गरज उरली नव्हती तेव्हा. वर्गात मुलींना मी ही गोष्ट सांगते, शेवटी म्हणते, माझ्या वडिलांनी मला विचारलं होतं. मुली टाळ्या वाजवतात.

अण्णा आता शहाऐंशींचे आहेत, माझ्याकडेच असतात. आई गेली. गेल्या आठवड्यात फाटकासमोरून गवताचा ट्रक गेला. मी खिडकी लावायला उठले तर अण्णा म्हणाले, राहू दे की, वास येतोय. मग त्यांच्याशेजारी बसले. बोलता बोलता तो डाव निघाला. त्यांना सगळं आठवतं, कुठला घोडा कुठल्या घरात होता तेसुद्धा.

मी म्हटलं, ‘अण्णा, तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघितलंत ना, शह द्यायच्या आधी?’

‘तुझ्याकडे?’ अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘कधी?’

‘साहेबांनी उंट ठेवला, गंजलं म्हणाले, आणि तुम्ही मान वर केलीत. मी समोर बाकावर होते.’

‘हां, हां. अगं, तिथं भिंतीवर घड्याळ होतं. तुझ्या डोक्यावरच असणार.’ ते हसले. ‘चार वाजून वीस मिनिटं झालेली. पावणेपाचची एसटी चुकली असती तर पुढची साडेसहाला. तुला घेऊन अंधारात जायचं, वर तुझी आई फाटकात उभी. त्या उंटानं सगळा घोळ केला बघ. तिथून पुन्हा बेतानं हरायचं म्हणजे तासभर मोडला असता. जिंकायला चार खेळ्या होत्या.’

‘मग डाव सोडून द्यायचा!’

‘जिंकत असताना? सगळ्यांना कळलं असतं मुद्दाम सोडला. त्यात साहेबांचा जास्त अपमान. आणि वजीर मिळतो म्हणून सांगायचं, तरी तेच.’ अण्णांनी हात झटकले. ‘काही केलं तरी अडकलोच होतो. म्हटलं, निदान गाडी तरी गाठू.’

‘आणि साहेब बोलले ते? डोकं गंजतं म्हणाले ते?’

‘बोलले होते का असं?’ अण्णा म्हणाले. ‘असतील. रोजच बोलायचे.’

मी त्यांच्याकडे बघितलं. खरंच आठवत नसेल, की आठवतंय आणि लपवताहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून मला ओळखता येईना. पटावर बसलेल्या अण्णांचा चेहरा कुणालाच कधी ओळखता आला नाही.

‘रागावलीस का गं?’ त्यांनी विचारलं.

‘छे,’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शहाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यावर रागवायचं तरी कसं? आणि बाकाची कड धरून मान हलवणाऱ्या त्या सतरा वर्षांच्या मुलीला कुणी सांगायचं, की बाई गं, तुला कुणी काही विचारत नव्हतं?